वर्डप्रेस साइटची राखण: नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

मी सांभाळत असलेल्या एका साइटविषयी एका वाचकाने फोन करून सांगितले की, मोबाइलवर शोध घेऊन तुमच्या साइटवर गेलो की औषधांचे दुकान उघडते. मी संगणकावर पत्ता टाइप करून पाहिला, तर साइट नेहमीसारखी उघडली. तुमच्या फोनमध्येच काही बिघाड असेल, असे सांगून मी विषय सोडून दिला. दोन दिवसांनी दुसऱ्या एकाचा तसाच निरोप आला, तेव्हा मी स्वतःच्या फोनवर शोधयंत्रातून, म्हणजे वाचक जसा येतो तसा, साइटवर गेलो आणि ते दुकान माझ्याही समोर उघडले. घुसखोराने पेरलेला कोड मोबाइलवरून आणि शोधयंत्रातून येणाऱ्यांनाच दुसरीकडे वळवत होता. थेट पत्ता टाइप करणारा माणूस, जो बहुधा साइटचा मालकच असतो, त्यातून मुद्दाम वगळलेला होता.

या सगळ्याचे मूळ सापडले ते एका स्लायडर प्लगइनमध्ये, म्हणजे सरकती चित्रे दाखवण्यासाठी साइटला जोडलेल्या एका छोट्या प्रोग्राममध्ये. ते मी तीन वर्षांपूर्वी निष्क्रिय करून विसरून गेलो होतो. त्यानंतरच्या सफाईत जे शिकलो ते नव्याने साइट हाती घेणाऱ्यांना उपयोगी पडावे म्हणून क्रमाने लिहीत आहे. उदाहरणे वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या व चालवण्याच्या सॉफ्टवेअरची घेतली आहेत, कारण जगातील ४० टक्क्यांहून अधिक साइट त्यावर चालतात. तथापि जूमला किंवा ड्रुपल ही अशीच दुसरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही पायऱ्या त्याच क्रमाने घेता येतील, मेनूंची नावे तेवढी बदलतील. फाइलींची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. सर्व्हरवर ती अर्थातच रोमन अक्षरांत दिसतील.

सुरुवातीपूर्वी: हल्लेखोर तुम्हाला ओळखत नाही

"आमच्या एवढ्याशा साइटवर कोण कशाला हल्ला करील?" हा प्रश्न मीही विचारत असे. साइट कोणाची आहे, तिच्यावर काय आहे, याच्याशी हल्लेखोराला बहुतेक वेळा काहीच देणेघेणे नसते. एखाद्या प्लगइनच्या अमुक आवृत्तीत त्रुटी आहे हे कळले की स्वयंचलित प्रोग्राम इंटरनेटवरील साइटमागून साइट चाचपत जातात आणि ती आवृत्ती जेथे आढळेल तेथे आत शिरतात. त्यांना हवी असते ती तुमच्या सर्व्हरची ताकद, तुमच्या पत्त्याची शोधयंत्रातील पत आणि तुमच्याकडे येणारा वाचक.

२०१७ चा एक प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. वर्डप्रेस ४.७ आणि ४.७.१ या आवृत्त्यांमध्ये बाहेरच्या प्रोग्रामांना लेख वाचता-बदलता यावेत यासाठी ठेवलेल्या मार्गात एक चूक राहून गेली होती. लेखाचा क्रमांक म्हणून १२३ ऐवजी १२३ला काही अक्षरे चिकटवून पाठवली, तर परवानगी तपासणाऱ्या भागाला त्या नावाचा लेख सापडत नसे आणि तो तपासणी न करताच विनंती पुढे सोडत असे. पुढचा भाग मात्र ती अक्षरे झटकून टाकून निव्वळ १२३ हा अंक घेई आणि तो लेख बदलून देई. पहारेकरी आणि कारकून यांनी एकच चिठ्ठी दोन तऱ्हांनी वाचली आणि लॉगिन न करताच कोणाचाही लेख कोणालाही बदलता येऊ लागला. दुरुस्त केलेली ४.७.२ ही आवृत्ती २६ जानेवारीला आली. सर्वांना अपडेट करण्यास थोडी सवड मिळावी म्हणून त्रुटीचा तपशील १ फेब्रुवारीपर्यंत जाहीर केला नव्हता. तो जाहीर झाल्यावर काही दिवसांतच लाखो पाने विद्रूप करण्यात आली. ज्यांच्या साइटवर स्वयंचलित अपडेट चालू होते त्यांना यातले काही कळलेही नसेल.

ड्रुपलच्या बाबतीत तर १५ ऑक्टोबर २०१४ रोजी दुरुस्ती जाहीर झाली आणि दोन आठवड्यांनी त्यांच्या सुरक्षा-गटाने सांगितले की, ज्यांनी घोषणेपासून सात तासांच्या आत ती बसवली नसेल त्यांनी आपली साइट हल्लेखोराच्या हाती गेली आहे असेच समजून चालावे. दुरुस्ती जाहीर होणे आणि ती आपल्या साइटवर बसणे यांतले अंतर हीच खरी धोक्याची वेळ, आणि आपण ज्या वस्तू विसरून गेलेलो असतो त्यांच्या बाबतीत हे अंतर वर्षांचे असते.

हाताशी काय हवे

पुढील गोष्टी गोळा झाल्याशिवाय साइटला हात लावू नका. माझा पहिला दिवस यातल्या दुसऱ्या गोष्टीच्या शोधातच गेला.

- होस्टिंगच्या, म्हणजे साइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे तेथील, नियंत्रण-पटलाचे लॉगिन आणि एसएफटीपीने (सर्व्हरवरील फाइलींची सुरक्षित ने-आण करण्याच्या पद्धतीने) फाइलींपर्यंत पोहोचण्याची सोय
- डोमेन जेथे नोंदवले आहे तेथील लॉगिन, आणि ते ज्या ईमेलवर नोंदवले आहे तो ईमेल आज कोणाच्या ताब्यात आहे याची खात्री
- वर्डप्रेसचे ॲडमिनिस्ट्रेटर दर्जाचे खाते
- विकत घेतलेल्या थीम (साइटचे रूप ठरवणारे संच) आणि प्लगइनच्या पावत्या व परवाना-क्रमांक
- पासवर्ड मॅनेजर आणि फोनवर दुहेरी पडताळणीचे ॲप
- बॅकअप ठेवण्यासाठी सर्व्हरबाहेरची जागा
- होस्टिंग कंपनीकडे मदत मागण्याचा मार्ग, आणि तेथे कोणाच्या नावाने बोलावे लागते याची माहिती

साइट दुसऱ्या कोणी बनवून दिलेली असेल, तर पहिल्या दोन गोष्टी अनेकदा त्याच्याच नावावर असतात. संबंध चांगले असतानाच त्या आपल्या नावावर करून घ्या.

पायरी १: आहे ते सगळे मोजा

एक तक्ता करा. प्रत्येक प्लगइन आणि थीमसमोर तिचे नाव, आवृत्ती, ती कोठून आणली, शेवटचे अपडेट कधी आले आणि ती कशासाठी आहे हे लिहा. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. "कशासाठी" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर ती वस्तू संशयितांच्या यादीत टाका.

एवढ्यावर थांबू नका, कारण डॅशबोर्ड, म्हणजे लॉगिन केल्यावर दिसणारे वर्डप्रेसचे नियंत्रण-पान, फक्त स्वतःच्या घरातले दाखवतो. एसएफटीपीने सर्व्हरवर उतरून मुख्य फोल्डरमध्ये आणखी काय पडले आहे ते पाहा. 'ओल्ड', 'टेस्ट', 'न्यू', 'बॅकअप' अशा नावांची फोल्डरे जवळजवळ प्रत्येक जुन्या साइटवर निघतात. त्यांच्यात कधीकाळी चाचणीसाठी केलेली संपूर्ण साइटची प्रत असते आणि ती त्या दिवसाच्या आवृत्तीवरच थांबलेली असते. एकाच होस्टिंग-खात्यावर चार साइट असतील तर चारही मोजा. एका साइटमध्ये शिरलेल्याला त्याच खात्यातील शेजारच्या साइटच्या फाइली सहसा लिहिता येतात, आणि मग मुख्य साइट कितीही नेटकी ठेवली तरी घुसखोरी परत परत का होते हे उमगत नाही.

पायरी २: बॅकअप घ्या आणि तो उघडून पाहा

वर्डप्रेसचा बॅकअप दोन भागांचा असतो. फाइलींमध्ये थीम, प्लगइन आणि चढवलेली छायाचित्रे असतात, तर लेख, पाने, टिप्पण्या, वापरकर्ते आणि सेटिंग डेटाबेसमध्ये असतात. यांपैकी एकच भाग घेऊन निर्धास्त राहणारे अनेक जण मी पाहिले आहेत.

येथे तीन सापळे आहेत. पहिला, बॅकअपची झिप फाइल साइटच्याच सार्वजनिक फोल्डरमध्ये ठेवणे. तिचे नाव अंदाजाने ओळखता येण्याजोगे असेल तर ती कोणीही उतरवून घेऊ शकतो, आणि तिच्यात डेटाबेसच्या पासवर्डसह सगळे असते. दुसरा, एकच बॅकअप ठेवून त्यावर रोज नवा लिहिणे. घुसखोरी अनेकदा कित्येक आठवड्यांनी लक्षात येते आणि तोवर हातातला एकमेव बॅकअपही बाधित झालेला असतो, म्हणून रोजचे काही, आठवड्याचे काही आणि महिन्याचे काही असे वेगवेगळ्या तारखांचे बॅकअप ठेवावेत. तिसरा सापळा म्हणजे बॅकअप कधीच उघडून न पाहणे. स्वतःच्या संगणकावर किंवा वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या जागी तो एकदा उभा करून पाहा. माझ्या पहिल्याच बॅकअपमधली डेटाबेसची फाइल शून्य बाइटची निघाली होती.

पायरी ३: नको ते काढून टाका

ही पायरी अपडेटच्या आधी ठेवली आहे, कारण जे काढून टाकायचे ते अपडेट करीत बसण्यात अर्थ नाही.

'निष्क्रिय करणे' आणि 'हटवणे' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. निष्क्रिय केलेले प्लगइन वर्डप्रेस स्वतःहून चालवत नाही, पण त्याच्या फाइली सर्व्हरवर जागच्या जागी असतात आणि एखाद्या फाइलचा थेट पत्ता माहीत असणाऱ्याला ती बाहेरून चालवता येऊ शकते. २०२० च्या सप्टेंबरमध्ये सात लाखांहून अधिक साइटवर असलेल्या 'फाइल मॅनेजर' या प्लगइनची त्रुटी याच जातीची होती. त्यात वापरलेल्या एका तयार संचासोबत नमुना म्हणून आलेली फाइल, शेवटचे नाव (एक्स्टेन्शन) बदलून, चालू शकेल अशा रूपात ठेवली गेली होती. लॉगिन नको, परवानगी नको. त्या फाइलच्या पत्त्यावर विनंती पाठवली की हवी ती फाइल साइटवर चढवता येई.

थीमचेही तेच. २०११ मध्ये 'टिमथंब' नावाच्या, छायाचित्रे लहान-मोठी करून देणाऱ्या एका फाइलने मोठा गोंधळ उडवला होता. ती अनेक थीमच्या पोटात होती. ठरावीक विश्वासू साइटवरूनच चित्रे आणायची असा तिचा नियम होता, पण विश्वासू नाव पत्त्यात कोठेही आढळले तरी तिला चालत असे. त्यामुळे हल्लेखोराने आपल्या डोमेनच्या पुढे ते नाव जोडले की काम भागे. वापरात नसलेल्या थीममध्येही ती फाइल तशीच पडून होती. तेव्हा चालू थीम, ती उपथीम असल्यास तिची मूळ थीम, आणि बिघाड शोधण्यासाठी वर्डप्रेसची एक स्वतःची थीम एवढ्या ठेवा आणि बाकीच्या हटवा.

फुकटात वाटल्या जाणाऱ्या 'नल्ड' प्रतींविषयी, म्हणजे विकतच्या प्लगइनचा परवाना तोडून पसरवलेल्या प्रतींविषयी, फार लिहीत नाही. कष्ट घेऊन परवाना तोडणारा ती फुकट का वाटतो, याचे उत्तर बहुधा त्या फाइलीतच दडलेले असते. सापडली तर लगेच काढा आणि साइट बाधित आहे असे समजून थेट पायरी ८ कडे जा.

पायरी ४: अपडेट, आणि अपडेट न येणाऱ्या वस्तू

वर्डप्रेसची छोटी, सुरक्षा-दुरुस्तीची अपडेट ऑक्टोबर २०१३ मधील ३.७ या आवृत्तीपासून आपोआप बसतात. जुन्या साइटवर कोणीतरी ती सोय बंद करून ठेवली आहे का ते आधी पाहा. प्लगइन आणि थीमची स्वयंचलित अपडेट डॅशबोर्डवरूनच चालू करण्याची सोय ऑगस्ट २०२० मधील ५.५ या आवृत्तीत आली. माझे मत असे की, ज्या साइटकडे रोज पाहणारे कोणी नाही तिच्यावर ही सोय सर्व प्लगइनसाठी चालू ठेवावी. अपडेटमुळे एखादे पान मोडले तर ते तासाभरात सावरता येते, घुसखोरीनंतरची सफाई मात्र आठवडा खाते. खरेदी-विक्री चालणाऱ्या साइटवर मोठ्या प्लगइनचे अपडेट आधी चाचणी-प्रतीवर करून पाहणे योग्य, पण 'चाचणी करू' म्हणून महिनाभर अडवून ठेवणे नव्हे.

डॅशबोर्डवर 'सर्व काही अद्ययावत आहे' असे दिसत असतानाही जुन्या राहू शकणाऱ्या वस्तू आहेत, आणि नवखा माणूस नेमका येथेच फसतो. विकतच्या प्लगइनचा परवाना संपला की बहुतेकदा त्याची अपडेट बंद होतात. थीमसोबत आलेली प्लगइन थीमच्या निर्मात्याने नवी प्रत दिल्याशिवाय बदलत नाहीत. २०१४ मध्ये 'स्लायडर रिव्होल्यूशन' या प्लगइनच्या त्रुटीतून साइटची कॉन्फिग फाइल (डेटाबेसचा पासवर्ड असलेली सेटिंगची फाइल) बाहेरून उतरवून घेता येत होती. ते प्लगइन कित्येक थीमच्या पोटात बसलेले असल्यामुळे आपल्याकडे ते आहे हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते. तिसरा प्रकार म्हणजे वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातून काढून टाकलेले प्लगइन. ते काढले गेल्याची ठळक सूचना तुमच्या डॅशबोर्डवर येईलच असे धरून चालू नका. पायरी १ मधला तक्ता घेऊन दर तीन महिन्यांनी प्रत्येक प्लगइनचे अधिकृत पान उघडून पाहणे, एवढाच खात्रीचा उपाय आहे.

प्लगइन दुसऱ्याच्या हाती गेले आहे का, हेही तेथेच कळते. २०१७ मध्ये सुमारे दोन लाख साइटवर असलेले 'डिस्प्ले विजेट्स' हे प्लगइन मूळ लेखकाने विकले आणि नव्या मालकाने अपडेटमधूनच त्यात मागचे दार, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची वाट, बसवले. नेमाने अपडेट करणारेच त्यात सापडले. म्हणून अपडेट करू नये असा याचा अर्थ नाही. कमी प्लगइन ठेवावीत, एवढा आहे.

वर्डप्रेस ज्या प्रोग्रामिंग-भाषेवर चालते त्या पीएचपीची सर्व्हरवरील आवृत्तीही याच बैठकीत पाहून घ्या. ७.४ या आवृत्तीला नोव्हेंबर २०२२ नंतर सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत, तरीही ती चालू असलेली होस्टिंग-खाती अजून दिसतात. डॅशबोर्डमधील 'साइट हेल्थ' या पानावर चालू आवृत्ती कळते आणि होस्टिंगच्या नियंत्रण-पटलावरून ती बदलता येते. बदलण्यापूर्वी बॅकअप घ्यावा हे वेगळे सांगायला नको.

पायरी ५: लॉगिन आणि माणसे

वापरकर्त्यांची यादी उघडा. सोडून गेलेले संपादक, साइट बनवणाऱ्याचे खाते, 'टेस्ट' नावाचे कोणीतरी: ज्यांचे आज काम नाही त्यांची खाती काढा आणि त्यांचे लेख दुसऱ्याच्या नावे करा. खाते हटवताना लेखांचे काय करायचे असा प्रश्न येतो, तेथे घाईने चुकीचा पर्याय निवडला तर लेखही जातात. लिहिणाऱ्याला 'ऑथर' किंवा 'एडिटर' हा दर्जा पुरतो. 'ॲडमिनिस्ट्रेटर' दोघांपेक्षा अधिक असण्याचे कारण मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

युजरनेम गुप्त राहील या भरवशावर राहू नका. लेखकाच्या पानाच्या पत्त्यातून ते बहुधा उघडपणे दिसते. 'ॲडमिन' हे नाव टाळावे हे ठीक, पण खरी भिस्त पासवर्डवर आणि दुहेरी पडताळणीवर असावी. पासवर्ड मॅनेजरने तयार केलेला, दुसरीकडे कोठेही न वापरलेला असावा, कारण अंदाजाने पासवर्ड मारणाऱ्या प्रोग्रामांपेक्षाही दुसऱ्या साइटवरून फुटलेला तोच पासवर्ड येथे लावून पाहणारे अधिक धोकादायक असतात. होस्टिंग, डोमेन आणि ईमेल यांनाही हेच लागू आहे. ईमेल ताब्यात आला की बाकी सगळे पासवर्ड 'विसरलो' म्हणून बदलून घेता येतात.

लॉगिनचा चुकीचा प्रयत्न काही वेळा झाला की तो जेथून येतो त्या इंटरनेट-पत्त्याला थांबवणारी सोय करा. मात्र वर्डप्रेसमध्ये 'एक्सएमएल-आरपीसी' नावाची एक जुनी खिडकी आहे आणि तिच्यातूनही पासवर्ड तपासून पाहता येतो. दारावर कुलूप आणि खिडकी सताड उघडी असे होऊ नये म्हणून, एखादे ॲप किंवा प्लगइन तिच्यावर अवलंबून नाही याची खात्री करून ती बंद करावी. लॉगिनच्या पानाचा पत्ता बदलल्याने लॉगमधला, म्हणजे सर्व्हरवरील भेटींच्या नोंदींमधला, गोंगाट कमी होतो. त्याला संरक्षण समजू नये.

सुरक्षेसाठी म्हणून बसवलेले प्लगइनही शेवटी प्लगइनच असते. 'रिअली सिंपल सिक्युरिटी' हे ४० लाखांहून अधिक साइटवरील प्लगइन नोव्हेंबर २०२४ मध्ये सदोष निघाले. त्यातील दुहेरी पडताळणीचा पर्याय चालू असेल तर पासवर्डशिवाय कोणाच्याही, अगदी ॲडमिनिस्ट्रेटरच्याही, खात्यात शिरता येत होते. एकावर एक तीन सुरक्षा-प्लगइन चढवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

पायरी ६: सर्व्हरवरची दारे

फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ ही परवानगी (कोणाला वाचता, लिहिता, चालवता येईल ते सांगणारे आकडे) सर्वसाधारणपणे पुरेशी असते. डेटाबेसचा पासवर्ड असणाऱ्या 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाइलला, होस्टिंगवर चालत असेल तर, ६४० किंवा ६०० द्यावी. छायाचित्र चढत नाही म्हणून कोणीतरी ७७७ करण्याचा सल्ला देतो. चित्र चढते आणि त्याबरोबर कोणालाही लिहिण्याची मुभा मिळते. तसे करू नका. फाइलीची मालकी चुकीच्या खात्याकडे गेली आहे का, हे होस्टिंगला विचारा.

त्याच कॉन्फिग फाइलची 'बॅक', 'ओल्ड' किंवा तारीख जोडलेली प्रत बाजूला ठेवण्याची सवय असेल तर ती मोडा. मूळ फाइल पीएचपी म्हणून चालते, त्यामुळे तिचा मजकूर बाहेर दिसत नाही, पण शेवटचे नाव बदलले की सर्व्हर तिला साधा मजकूर समजून पासवर्डसह वाचकाला दाखवू शकतो.

'अपलोड्स' फोल्डरमध्ये चित्रे आणि दस्तऐवज असावेत, तेथे पीएचपी चालण्याचे काही कारण नाही. सर्व्हरच्या सेटिंगमधून तेथे पीएचपी चालणे बंद करा, किंवा होस्टिंगला तसे करून देण्यास सांगा. माझ्या साइटवर मागचे दार येथेच होते. दोन वर्षांपूर्वीच्या एका महिन्याच्या फोल्डरमध्ये, छायाचित्रांच्या रांगेत, चित्राच्याच धाटणीचे नाव असलेली एक पीएचपी फाइल बसलेली होती. उघडल्यावर आत एकच लांबलचक ओळ, अर्थहीन अक्षरांची, आणि तिच्या आरंभी ती अक्षरे उलगडून चालवण्याची आज्ञा. फोल्डर जुने असले तरी फाइलीची तारीख घुसखोरीच्याच महिन्याची होती. हा एक नियम ठोसपणे बसवला असता, तर ती फाइल चढली तरी चालली नसती.

डॅशबोर्डमधून थीम आणि प्लगइनच्या फाइली संपादित करण्याची सोयही कॉन्फिग फाइलीतील एका ओळीने बंद करता येते. ती बंद करावी. एचटीटीपीएस तर हवेच, पण कुलपाचे चिन्ह वाचक आणि सर्व्हर यांच्यामधली वाट झाकते, साइटमधली भोके नव्हे.

पायरी ७: पहारा

साइट शोधनिकालांत कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या 'सर्च कन्सोल'मध्ये साइट नोंदवा. तुम्ही कधी न लिहिलेली पाने तुमच्या नावावर दिसू लागली तर तेथे ती आधी कळतात. महिन्यातून एकदा फोनवरून, लॉगिन न करता, शोधयंत्रातून स्वतःच्या साइटवर जा. मी हे का सांगतो आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. सर्व्हरवर आज्ञा देण्याची सोय असेल तर 'डब्ल्यूपी-सीएलआय' या साधनाने वर्डप्रेसच्या मूळ फाइली अधिकृत प्रतीशी ताडून पाहता येतात, आणि एकही फाइल वेगळी निघाली तर कारण शोधल्याशिवाय उठू नये. होस्टिंगचे लॉग किती दिवस ठेवले जातात तेही विचारून घ्या. ते पुष्कळदा आठवडाभरातच पुसले जातात.

पायरी ८: घुसखोरी झालीच असेल तर

संशयास्पद फाइल दिसली की ती पुसण्याचा मोह होतो. थांबा. आधी बाधित साइटची फाइलींसह, डेटाबेससह आणि लॉगसह प्रत काढून बाजूला ठेवा, कारण घुसखोर कोठून आला हे त्यातूनच कळणार आहे. मग साइट तात्पुरती बंद करून होस्टिंगला कळवा. ज्या संगणकावरून काम करणार तो स्वच्छ आहे याची खात्री करा, नाहीतर नवे पासवर्डही त्याच वाटेने जातील.

त्यानंतर वर्डप्रेस, थीम आणि प्लगइन यांच्या फाइली दुरुस्त करीत न बसता सरळ काढून टाका आणि अधिकृत ठिकाणाहून ताज्या आणून बसवा. 'अपलोड्स' फोल्डर आणि कॉन्फिग फाइल तेवढ्या हाताने तपासाव्या लागतात. यानंतरही पुढील जागा पाहिल्याशिवाय काम संपले असे मानू नका: सर्व्हरच्या सेटिंगची 'एचटीॲक्सेस' फाइल, वापरकर्त्यांच्या यादीतील अनोळखी ॲडमिनिस्ट्रेटर, खात्यांना जोडलेले ॲप्लिकेशन पासवर्ड (बाहेरच्या ॲपसाठी दिलेले वेगळे पासवर्ड), नेहमीच्या यादीत न दिसणारे 'एमयू-प्लगइन्स' फोल्डर, आणि वर्डप्रेसची व होस्टिंगची नियोजित कामे. मी शेवटची जागा पाहिली नव्हती. पुसलेली फाइल तिसऱ्या दिवशी त्याच नावाने, त्याच जागी परत आली. होस्टिंगच्या खात्यात दर तासाला चालणारे एक काम नोंदवलेले होते आणि ते फाइल नाहीशी झालेली दिसली की पुन्हा लिहून ठेवत असे.

बॅकअपवरून साइट पूर्ववत करणे सोपे वाटते, पण ज्या त्रुटीतून घुसखोर आला ती त्या बॅकअपमध्येही आहे. म्हणून साइट खुली करण्यापूर्वी ती त्रुटी बुजवा. नंतर वर्डप्रेस, डेटाबेस, एसएफटीपी, होस्टिंग आणि ईमेल यांचे सर्व पासवर्ड बदला आणि कॉन्फिग फाइलीतील 'सॉल्ट' या गुप्त ओळी नव्या करा. त्यामुळे ज्याच्याकडे चोरलेले लॉगिन चालू असेल तोही तत्क्षणी बाहेर फेकला जातो. साइटवर नोंदणी केलेल्यांची माहिती होती काय, हे तपासून त्यांना कळवणे तुमचे कर्तव्य आहे आणि अनेक देशांत कायद्याचे बंधनही.

सर्च कन्सोलमध्ये इशारा आला असेल तर सफाई पूर्ण झाल्यावर तेथूनच फेरतपासणीची विनंती पाठवा आणि काय सापडले, काय काढले, काय बदलले हे तीत नेमके लिहा. अर्धवट सफाईनंतर घाईने पाठवलेली विनंती फेटाळली जाते आणि पुन्हा थांबावे लागते. घुसखोराने निर्माण केलेली बनावट पाने शोधनिकालांत आणखी काही आठवडे रेंगाळतील. त्यांना मुखपृष्ठाकडे वळवू नका. 'हे पान नाही' असेच उत्तर सर्व्हरला देऊ द्या, म्हणजे शोधयंत्र ती एकेक करून गाळून टाकते. मी दर सोमवारी उरलेल्या पानांचा आकडा तक्त्याखाली लिहून ठेवत असे. तो शून्यावर यायला अकरा सोमवार लागले.